गोदीच्या मुठीतल्या कवड्या

बुधवार, १ जानेवारी १९६९, जळगाव
डाव झाला. मी आणि गोदी हरलो, म्हणून चहा आमच्याकडून. चंपाभाभी आणि चिंधाबाई जिंकल्या. भाभीनं तीन चमचे साखर घालून घेतली आणि वर म्हणते, अक्का, फिका है. हिच्या मारवाड्याच्या दुकानात साखर आहे म्हणून जिभेला हिशेब नाही.
दर बुधवारी बाजार उठला की सारीपाट माझ्या ओसरीवर. आमचे म्हातारे गेले तेव्हा तेरा दिवस बंद होता. तेवढाच.
गोदीनं आज दोनदा माझी सोंगटी उचलली. माझ्या काळ्या, तिच्या पिवळ्या. इतकी वर्षं भिडू आहोत, कधी चुकली नाही. म्हणाली, "अंधारात बसवते आम्हाले." दिवा तिच्या डोक्यावर जळत होता.

बु., ८ जाने.
गोदी कवड्या टाकते आणि विचारते, किती? हल्ली दर वेळी विचारते. आज दोन पडले होते. एकच कवडी उताणी असती तर दहा झाले असते. माझ्या तोंडून दहा निघालं. निघालं कसलं, मीच काढलं. तिची पिवळी उघड्यावर होती आणि मागून भाभीची लाल येत होती. दहा सांगितल्यावर पिवळी फुलीवर जाऊन बसली. फुलीवर मारता येत नाही.
भाभीनं कवड्या उचलल्या आणि आपला हात टाकला. वाटलं, बघितलं नसेल. भाभी म्हणजे मापातला शेंगदाणा न सोडणारी.

बु., १५ जाने.
तिळगूळ दिला-घेतला. मी आत चहा टाकत होते. बाहेर गोदीनं विचारलं, किती? भाभीचा आवाज, "पच्चीस, गोदाबाई. आज तो हाथ भारी है."
बाहेर येऊन बघितलं. तीन. भाभीकडं बघितलं, ती बांगड्या मागंपुढं करत बसली. विरुद्ध बाजूची आणि हिचा डाव वाढवते.
उठताना चिंधाबाईनं गोदीचा हात धरला, "चाल व, माले तिकडेच जाणं शे." तिचं घर उलट्या अंगाला. गोदीला खोलीवर सोडून परत आली ती माझ्याच ओसरीवर.
"माले दिवाळीपासून ठाऊक शे. तिना डोया गयात."
"मग बोलली का नाहीस?"
"तू तरी बोलनी का?"
म्हणजे तिघी. एकीचं दुसरीला ठाऊक नाही आणि जी ती आपापलं खोटं सांगतेय. गेल्या महिन्यात आम्ही लागोपाठ जिंकलो, मी म्हटलं माझा हात चालतोय.

सोम., २० जाने.
गोदीला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. बाहेर येऊन म्हणते, "थेंब देल्हे. होईन बरं." डॉक्टर मला आत बोलले होते. काचबिंदू. गेलेली नजर येत नाही. उरलेली किती दिवस ते सांगता येत नाही.
रस्त्यात ती म्हणाली, पोराले काही कळवू नको. मी विचारलं, काय कळवू, थेंब दिले ते? 
तिचा वसंता सावद्याला. केळीचा मळा, घरचा ट्रक, सून, नातवंडं, सगळं आहे. ही तीनदा राहायला गेली आणि तीनदा परत आली. इथं जिनिंग कारखान्याच्या मागं नवऱ्याच्या वेळची एक खोली, एक स्टोव्ह. "तठी सारे मळ्यात जातात. मी काय केळीच्या घडाशी बोलू?" हे तिचं म्हणणं. मलाही पटतं, हाच घोळ आहे.

बु., ५ फेब्रु.
मला घरात जायला चार हवे होते. चार पडले, खरे चार. गेले नाही. भिडू मागं राहिला असेल तर आमच्यात घरात न जाता दुसरा फेरा घेता येतो, मागून राखण करायला.
गोदी म्हणाली, "काबरं थांबली? जाय की घरी."
म्हटलं, घरात बसून काय करू.
"तुले घर म्हणजे कंटाळाच." हसली. खूप दिवसांनी.
पट तिच्या डोक्यात पक्का आहे. कोणाची कुठं, मागं कोण, विचारावं लागत नाही. फक्त कवड्या दिसत नाहीत.

बु., १९ फेब्रु.
डाव नाही. सकाळी गोदीचा पदर स्टोव्हवर पेटला. शेजारणीनं गोधडी टाकली म्हणून. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.
गोदी सांगते, तेल उडालं. तेल उडून अर्धं लुगडं जात नाही.
भाभी म्हणाली, अब तो लड़के को बोलना पड़ेगा. चिंधाबाई उसळली, "बोल, बोल. तठे नेतीन आन खाटवर बसाडतीन. मरापर्यंत बस मग." भाभी रडली. मला रडणाऱ्या बायकांचा राग येतो, मी भांडी घासायला गेले.

बु., २६ फेब्रु.
चिंधाबाईनं खिचडी भरवली. गोदी म्हणते पुढल्या बुधवारी डाव्या हातानं टाकीन. पुढल्या बुधवारी होळीची राख अजून रस्त्यात असेल, त्याच्या पुढल्या म्हटलं.
रात्री स्टोव्ह पेटवते का बघायला तिच्या खोलीवरून फिरून आले. पेटवत होती.

रवि., २ मार्च
वसंता केळी घेऊन आला होता. मी बाजारात जाऊन गाठलं. सांगितलं.
विश्वास बसेना. "अक्का, आई तर सारीपाट खेळते. मागल्या खेपेला म्हणाली, दोन डाव जिंकले."
मग कशी जिंकते तेही सांगावं लागलं. कवड्या आम्ही सांगतो, आणि जास्त सांगतो. सगळं.
त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. वाईट पोर नाही. म्हणाला, पाडव्याच्या आत नेतो.
चिंधाबाई आणि भाभीला अजून बोलले नाही. गोदीला तर नाहीच. तो सांगेल.

बु., १२ मार्च
तो आज आला. डाव अर्ध्यावर होता. कवड्या गोदीच्या डाव्या मुठीत, तिची पिवळी उघड्यावर. म्हणाली, "भाभीची लाल मांघून आहे नं, लागूनच्या घरात?" होती, बरोबर.
तेवढ्यात वसंता ओसरीवर चढला. आई, सामान बांध. ती म्हणाली, मले काय झालं? तो म्हणाला, "तुला दिसत नाही हे यांना दिवाळीपासून ठाऊक आहे. कवड्या पण या खोट्या सांगतात. अक्कानंच सांगितलं मला."
असं सांगायचं नसतं. पण मीही कुठं सांगितलं होतं.
गोदी आंधळेपणाबद्दल बोललीच नाही. एवढंच विचारलं, "मंग मी जिकली केव्हा?"
 भाभी बोलायला गेली, मी तिचा गुडघा दाबला. आता आणखी एक खोटं कशाला.
उठली. वसंतानं हात धरला, तो सोडवून घेतला. भिंत चाचपत पायऱ्या उतरली. कवड्या मुठीतच.

सोम., १७ मार्च
गेली. ट्रकमध्ये पुढं बसवलं, केळीच्या पानांची गादी करून. चिंधाबाईनं शिदोरी दिली ती घेतली. भाभीनं साडी दिली ती घेतली. मी समोर उभी होते, चाहुलीवरून ओळखलं असणार. तोंड फिरवलं नाही, पण बोललीही नाही.
चिंधाबाई माझ्याशी बोलत नाही. नको बोलू. पदर काय तिचा पेटला होता?

बु., १९ मार्च
पाडवा. गुढी उभी केली, पुरण केलं नाही.
पट तसाच मांडलेला होता, सोंगट्यांसकट. माझी नात ओसरी झाडताना उडवील. म्हणून सुई घेतली आणि जिथं जिथं सोंगटी होती तिथं त्या रंगाचा एकेक टाका घातला. पिवळा, लाल, हिरवा, काळा. मग गुंडाळून ठेवला. काळ्या दोऱ्याचे टाके मला नीट दिसले नाहीत. आता माझीही पाळी दिसते.

बु., २६ मार्च
कोणी आलं नाही. चहा एकटीचा. जास्त झाला, ओतला.

बु., २ एप्रिल
भाभी आली. तिघींत पट मांडू या म्हणाली. म्हटलं, भिडू नाही. मग पापड लाटत बसलो. चिंधाबाई रस्त्यानं गेली, बघितलं नाही असं करून.

बु., ९ एप्रिल
दुपारी वसंताच्या ट्रकचा ड्रायव्हर दारात. "म्हातारीनं निरोप दिला. अक्काले सांग, दोन."
"दोन काय?"
"तेवढंच. अंगणात बसून कवड्या टाकते दिवसभर, बोटानं चाचपते. मले म्हणे, दोन सांग, जास्त सांगू नको."
मी त्याला पाणी द्यायचंसुद्धा विसरले.
दोघींना बोलावलं. चिंधाबाई आली, न बोलता बसली. पट उलगडला, टाक्या-टाक्यावर सोंगट्या ठेवल्या. गोदीची पिवळी दोन घरं पुढं सरकवली. दहा पडले असते तर फुलीवर गेली असती. आता उघड्यावरच, आणि मागं बरोबर तिसऱ्या घरात भाभीची लाल. हे तिला ठाऊक असणार.
आता हात भाभीचा. कवड्या नाहीत, चिंचोके फोडून घेतले. भाभी म्हणाली, मैं नहीं फेंकती. म्हटलं, फेक.
तीन पडले.
चिंधाबाईनं बोटानं एक चिंचोका उलटा केला. "दोनच पडनात." इतक्या दिवसांत माझ्याशी पहिलं बोलली ते हे. मी तो परत सुलटा केला.
पिवळी मेली. पटावरून मीच उचलली. आता तिला पुन्हा पहिल्यापासून यायचं. माझी काळी याही डावात अजून बाहेरच, दुसऱ्या फेऱ्यावर.
भाभी म्हणते, कळवू नको, बुढ़िया को क्या मिलेगा. 
ट्रक शुक्रवारी परत जातो. ड्रायव्हर विचारून गेला, काय निरोप? तीन सांगितलं तर ती पुन्हा कवड्या टाकील की पट मिटला म्हणेल, कोण जाणे. आणि दोन सांगितलं तर पिवळी वाचेल, पण ते पुन्हा खोटंच.