आडीत गोळी नको

२३ जून, सोमवार
बोटं, गुडघे सुजतात तो संधिवातच. डॉक्टरबाईंनी मेथोट्रेक्सेट दिलंय. जुनं, नावाजलेलं औषध. आठवड्यातून एकदाच, रोज अजिबात नाही. गुण यायला दीड-दोन महिने. चार सप्टेंबरला आमच्या लेकीचं, लावण्याचं लग्न. मंगळसूत्र बांधताना आम्हा तमिळ लोकांत मुलगी बापाच्या मांडीवर बसते. मांडी घालता आलीच पाहिजे. येईल. गुरुवारी सुरू.

२६ जून, गुरुवार
जेवण लांबलं. दीडला राहुकाळ लागला. पुढच्या गुरुवारी नक्की.
नेटवर वाचलं, हेच औषध कॅन्सरलाही देतात. फोन केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, तिथला डोस वेगळा, तुमचा अगदी लहान. छे, मी कुठे घाबरलो? पाकीट फक्त फ्रिजवर मागे सरकवलं.

३ जुलै, गुरुवार
अष्टमी! अष्टमीला नवं काही सुरू करत नाहीत. नागलक्ष्मी म्हणाली, गोळी घ्यायचीय की गृहप्रवेश करायचाय? बायकोला शास्त्र कोण शिकवणार!

१० जुलै, गुरुवार
पौर्णिमा. उत्तम दिवस. पण पापनाशमहून मेहुणा टपकला, वैद्यनाथ. त्यालाही हेच दुखणं, हेच औषध. म्हणाला, मी जूनमध्येच सुरू केलं, दिवसबिवस बघितला नाही. अविचारी माणूस. पाहुण्यासमोर गोळी बरी दिसत नाही.

१७ जुलै, गुरुवार
आडी लागला, आमचा तमिळ अशुभ महिना. आडीत लोक डिस्काउंटच्या साड्या घेतात, शुभारंभ करत नाहीत. महिनाभर सुटलो. म्हणजे, थांबलो.

५ ऑगस्ट, मंगळवार
मांडीचा सराव. बसलो झक्कास. उठवायला नागलक्ष्मी आणि शेजारची राजम. दुखायला आडी चालतो वाटतं, नागलक्ष्मी ओरडली. मी मोठ्या मनाने तिला माफ केलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार
आडी संपून आवणी हा शुभ महिना आला, पण आता लग्न तोंडावर. गोळीने मळमळलं तर? लग्नानंतर बघू. विल पॉवर आहेच.

४ सप्टेंबर, गुरुवार, सकाळी
अर्धा वाकलो आणि अडकलो. ना खाली, ना वर. भटजी म्हणाले, मुहूर्त चाललाय. लावण्याने माझा दंड धरला, म्हणाली, अप्पा, राहू दे. तिचे डोळे भरले होते. वैद्यनाथ ऐटीत मांडी घालून बसला. माझी पोरगी मामाच्या मांडीवर, मी प्लास्टिकच्या खुर्चीवर. रडलो. लोक म्हणाले, बापाचं काळीज.

दुपारी
मांडवातूनच डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आजच घ्या. जेवलो. नागलक्ष्मीकडे गोळी मागितली. ती तिच्या पर्समध्येच होती. दोन वाजले होते, ऐन राहुकाळ. तिने पाणी दिलं. मी गोळी गिळली.