बाबांच्या मेंदूत काय सापडलं

प्रिय दादा,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून तू आधी पाकीट उलटसुलट करून बघशील आणि मग कोणी गेलं की काय म्हणून घाबरशील. कोणी गेलेलं नाही. बाबा गेले ते मावशीने तुला कळवलं होतंच, आणि तू आला नाहीस त्याबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. माझं नाव ‘पिरपिर’ तूच ठेवलंस, पण आता पिरपिर करण्याइतकाही जीव माझ्यात उरलेला नाही. बाबा गेल्यापासून मला ना धड रडू आलं, ना हुश्श वाटलं. कामावर जाते, जेवते, झोपते. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो ना, चिमटा काढला तरी दुसऱ्याचाच वाटतो, तशी मी अख्खीच झाले आहे. आईला वाटतं मी खंबीर आहे. वाटू दे.

मी अजून त्याच प्रयोगशाळेत आहे, जिला तू ‘भेजा विभाग’ म्हणायचास. लोक मरताना मेंदू देऊन जातात आणि जिवंतपणी काय बिनसलं होतं ते आम्ही चकत्या करून बघतो. ताजा मेंदू लोण्यासारखा मऊ असतो, नुसता ठेवला तरी स्वतःच्याच वजनाने बसतो. म्हणून तळाच्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवून तो औषधाच्या बादलीत उलटा टांगायचा आणि घट्ट होईपर्यंत काही आठवडे विसरून जायचं. दोरा ओवायचं काम माझं. बाबांचा मात्र मी ओवला नाही, कारण घरच्या माणसाला हात लावायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. पण बादली त्याच खोलीत होती, आणि झाकणावर नुसता नंबर असला तरी तो कोणाचा हे मला ठाऊक होतं. रोज सकाळी तिथून जाताना मी मुद्दाम जराशी थांबायची. म्हटलं, आता तरी काहीतरी वाटेल. काही वाटायचं नाही. मग हातमोजे चढवून कामाला लागायची.

मेंदू द्यायचं आईने ठरवलं, आणि तेही तुझ्यापायी. तुला आठवतं, बाबा निवृत्त झाल्यावर फारच करायला लागले तेव्हा डॉक्टरांनी शंका काढली होती की कपाळामागचा भाग झिजायचा आजार असावा, त्यात माणसाचा स्वभावच पालटतो, पण खात्रीने सांगायचं तर मेल्यावर मेंदू पाहूनच सांगता येईल. आईने तो ‘असावा’ तेवढा गाळून टाकला. त्या दिवसापासून बाबा आजारी होते आणि विषय संपला. जेवण तिच्यासमोर मोरीत ओतलं, आजार. भर थंडीत तिला जिन्यात उभं करून आतून कडी लावली, आजार. चष्मा लपवायचे आणि ती घरभर चाचपडत फिरली की खुर्चीत बसून हसायचे, तोही आजारच. तू तेव्हा म्हणालास, आजारी माणूस चष्मा कुठे लपवला ते विसरेल तरी! यांना बरोबर आठवतं, आणि पाहुणे आले की तो बरोबर सापडतोही. बाबा बदलले नाहीत, नुसते निवृत्त झालेत. आधी छळायला ऑफिसभर माणसं होती, आता एकटी आई आहे. मला हसू आलं होतं, खरं सांगते. आईला नाही आलं. आजाऱ्याला नावं ठेवणारा माझा मुलगा नव्हे, असं ती म्हणाली आणि तू बॅग उचललीस.

त्यानंतर तिने त्यांचं सगळं केलं. भरवलं, पुसलं, शिव्या खाल्ल्या. रात्री मी तिचे पाय चेपायला बसले की म्हणायची, हे बोलत नाहीत गं, त्यांचा आजार बोलतोय. ते गेले त्या दिवशी डोळे पुसून तिने पहिली गोष्ट काय केली असेल, तर मला म्हणाली, तुमच्या मॅडमना कळव, एकदा होऊन जाऊ दे, दादाला कळू दे.

तर झालं. आमच्या मॅडमनी चकत्या ट्रेमध्ये मांडून मला बोलावलं. त्या आजारात पुढच्या घड्या सुकतात, मधल्या फटी रुंदावतात, ते माझ्यासारखीला दारातूनही कळतं. बाबांच्या घड्या चांगल्या भरलेल्या होत्या. मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखालीही सगळं तपासलं, पुन्हा तपासलं, काही म्हणता काही नाही. वयाच्या मानाने सुरेख मेंदू आहे, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि मग त्या ओशाळल्या. आपल्याला दिसलं नाही म्हणजे नव्हतंच असं नाही, असंही म्हणाल्या. भल्या आहेत बिचाऱ्या. आजारी मेंदूंशी ताडून बघायला आम्हाला निरोगी मेंदू लागतात आणि ते फार मिळत नाहीत, तेव्हा बाबांचा आता त्या फळीवर ठेवलाय. धडधाकट माणूस कसा असतो ते नव्या मुलांना यापुढे बाबांवरून दाखवतील. हे लिहिताना तरी मला चीड यायला हवी होती. नाही आली.

घरी गेले तेव्हा आई मटार सोलत होती. तिने मान वर केली नाही, फक्त हात थांबले. मी वाक्य जुळवत घरी आले होते, त्यातलं एकही वापरलं नाही. म्हटलं, होता गं आजार. पुढचा सगळा भाग गेला होता. डॉक्टर म्हणाले त्याहून जास्त. हातातली शेंग तिने ताटात ठेवली. मग पदराने तोंड झाकून जी रडायला लागली ती थांबेचना, आणि मध्येच म्हणाली, बघ, मी म्हणत नव्हते? तपासणीचा कागद तिने मागितला नाही. त्या रात्री आडवी झाली ती उजाडेपर्यंत हलली नाही, अशी झोपलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

दादा, तू बरोबर होतास. पहिल्या दिवसापासून बरोबर होतास, आणि हे तुला माझ्याशिवाय कोणी सांगणार नाही. पुढच्या महिन्यात तुझ्या वाढदिवसाला आई तुला फोन करणार आहे. काय बोलायचं याची तिची तयारी आत्तापासून चालू आहे; भांडी घासताना पुटपुटते, मला ऐकू येतं. रागाने बोलणार नाही ती, मायेनेच बोलेल. सांगेल की ते आजारीच होते रे, तपासणीत निघालं, आता मनात काही ठेवू नकोस. तेव्हा एकदाच, हो गं आई, माझं चुकलं, एवढं म्हणशील? सोपं नाही, मला कळतं. आणि खोटं मी बोलले, तू नाहीस, तेव्हा तुझ्यावर सक्ती कसली? जमणार नसेल तर त्या दिवशी फोन उचलू नकोस. तू फोन उचलत नाहीस याची तिला सवय आहे.

तुझीच,
पिरपिर