गोवर गेल्यानंतर

अनसिंग, ता. वाशीम
११ फेब्रुवारी १९७६

चि. इंद्रभान यास,
ताईचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

सारे खुशाल आहोत असं लिहाची रीत आहे, पण खुशाल नाही. गंगूले गोवर निघाला होता. पुरळ मावळून महिना होत आला, तरी पोरगी उठत नाही. सांज झाली की ताप चढते, खोकते, भाकरीकडं पाहत नाही. चार वर्साची पोर, उचलली तर चिमणीवानी हलकी लागते. इथले डाक्टर म्हणतात, गोवरामागं अशक्तपणा राह्यतेच, टॉनिक द्या.

माझ्या सासू, आत्याबाई, तिले कुशीत घेऊनच निजतात. त्यायलेही हिवाळ्यापासून खोकला आहे, पण स्वतःचं काही सांगतच नाहीत.

तू पुण्याच्या प्रयोगशाळेत विषाणू पाहून राह्यला म्हणते. उंदरायले दाणापाणी देऊन झालं असंल तं भाचीकडंही पाय. गोवर गेला, मंग हे काय राह्यलं? मले चवथा महिना चालू आहे, जागरण झेपत नाही. माया आहेच, उत्तर तेवढं लवकर दे.

तुझी ताई,
भागिरथा


पुणे
१७ फेब्रुवारी १९७६

ती. भागिरथाताईस,
धाकट्या इंद्रभानचा जयभीम.

आधी काम सांगतो, कारण मागाहून. पत्र मिळताच गंगूला एसटीने वाशीमच्या दवाखान्यात ने आणि छातीचा फोटो काढून घे. तुझ्या सासूबाईंना, सोजरबाई मावशींनाही सोबत ने. त्यांचाही फोटो काढ, बेडका तपासून घे. तोवर गंगूला त्यांच्याजवळ निजवू नकोस.

आता कारण. विषाणूला एकट्याने वाढता येत नाही, त्याला आपल्या अंगातली जिवंत पेशी लागते. पेशीच्या बाहेरच्या अंगाला बारीक कड्यांसारखे भाग असतात. ते शरीराच्या स्वतःच्या कामाचे, पण ज्या विषाणूला जी कडी बसते ती धरून तो आत शिरतो. गोवराचा विषाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशींतही शिरतो, म्हणजे ज्या रोगाशी लढतात नेमक्या त्यांच्यातच. तिथे कोणती कडी धरतो ते अजून कोणाला सापडलेले नाही. पण लढणाऱ्या पेशीच अशा धरल्या गेल्यामुळे पुरळ गेल्यावरही कित्येक आठवडे शरीर उघडे पडते. त्या दिवसांत टीबीचा जंतू जवळ आला, तर त्याला अडवणारे कोणी उरत नाही.

माझी शंका खोटी ठरो. ठरली तर वर्षभर मला उंदीरवाला म्हणून चिडव. भाऊजींना जयभीम. माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझा,
इंद्रभान


अनसिंग
२३ मार्च १९७६

चि. इंद्रभान,
जयभीम.

गंगू गेली. तार करायचंही भान नव्हतं.

फोटोत दोन्ही फुप्फुसं बारीक ठिपक्यायनं भरलेली होती. सुया चालू केल्या, पण रोग डोक्यात चढला. मान ताठ झाली. शेवटी शेवटी मले ओळखत नव्हती, आजीच्या नावानंच हाका मारे.

आत्याबाईच्या बेडक्यात टीबी निघाला. दवाखान्यातल्या बाईनं आमच्यापुढंच सांगितलं. त्यायनं एकदाच विचारलं, पोरीले माझ्यापासून लागलं काय? आमी दोघंही नाही म्हणालो. त्यायले ते पटलं नाही. आता सुई घेत नाहीत, गोळ्या फेकून देतात. म्हणतात, नातीले खाल्लं म्या, आता मले कायले जगवता.

तुझ्या भाऊजींचं म्हणणं, तू शिकेल माणूस, तू लिहिलं की पोर निव्वळ गोवरानं गेली तं त्या ऐकतीन. तेवढं खोटं लिही बाप्पा. घरात हा खोकला, अन् माझ्या पोटात हा जीव. मले भेव वाटते.

तुझी,
भागिरथा


पुणे
२९ मार्च १९७६

ती. सोजरबाई मावशींस,
इंद्रभानचा जयभीम. हे पत्र भाऊजी वाचून दाखवतील.

मला खोटे लिहायला सांगितले होते. ते जमले नाही, कारण तुम्ही आधीच ओळखले आहे. जंतू तुमच्याकडूनच गेला. गोवर झाला नसता तर गंगूच्या अंगाने तो कदाचित दाबूनही ठेवला असता. खात्रीने मलाही सांगता येत नाही. तुम्हाला हा रोग आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हते, आम्हा कोणालाच नव्हते. महिनोन् महिने तुमचा खोकला ऐकून कोणी तुम्हाला दवाखान्यात नेले नाही, हा दोष तुमचा नाही.

पण आता ठाऊक आहे. सुया घेतल्या नाहीत तर ताईच्या बाळालाही हाच धोका आहे. घेतल्या तर काही महिन्यांत तुमच्यापासून कोणाला लागणार नाही. स्वतःसाठी जगायचे नसेल तर मी काय सांगणार? त्या बाळासाठी सुई घ्या, एवढेच मागतो.

आपला,
इंद्रभान


अनसिंग
२० ऑगस्ट १९७६

चि. इंद्रभान यास,
ताईचा जयभीम. मामा झाला, हे तारेनं कळलंच असंल. पोरगा आहे, नाक तुझ्यासारखं, म्हणून जराशी चिंता.

तू खरं लिहिलं म्हणून तवा लई राग आला होता. आत्याबाईनं तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्या दिवशी तुझ्या भाऊजींच्या आधी एसटी स्टँडवर जाऊन बसल्या. तवापासून एक सुई चुकवली नाही.

बाळाले टीबीची लस टोचली. आत्याबाईचा बेडका आता साफ येते. डाक्टर म्हणतात, नातवाले घ्या खुशाल. पण त्या घेत नाहीत. काल म्याच बाळाले त्यायच्या मांडीवर ठेवलं. त्यायनं दोन्ही हात वर उचलून धरले, त्याले बोटही लागू दिलं नाही. घे वो माय, उचल, म्हणत राह्यल्या. शेवटी म्या उचलून घेतलं.

रजा भेटली की ये. आठवण ठेवजो.

तुझी ताई,
भागिरथा