नावाची मोकळी जागा

९ मार्च १९८७, सोमवार

शोकगीत बसवा, म्हणाले प्राचार्य. "कोण गेलं सर?" विचारलं तर हसले. "अजून कुणी नाही हो बाई. तयारी असावी. नावाची जागा तेवढी मोकळी ठेवा — स्वागतगीतात ठेवतो तशी."

ते तर नेहमीचंच. पाहुणे बदलतात, स्वागतगीत एकच. ऐन वेळी नाव घालायचं. अध्यक्षसाहेब आमच्या संस्थेचेही आणि सहकारी साखर कारखान्याचेही, त्यामुळे कॉलेजात कार्यक्रम असो की कारखान्यावर, माझ्या गाणाऱ्या मुली हजर! पण माणूस जिवंत असताना त्याचं शोकगीत? साहेबांचे वडील पुण्याला दवाखान्यात आहेत, त्यांच्यासाठीच असणार. मोठ्यांच्या घरी मरणाचीसुद्धा रंगीत तालीम.

११ मार्च

जोगिया घेतला. प्राचार्यांना शिवरंजनी हवा होता, दुःखाचा तेवढा एकच राग त्यांना ठाऊक. मुख्य आवाज शिवकन्याचा. धनगराची पोर, रानात मेंढरांमागं हाका मारून तयार झालेला गळा. असा आवाज माझ्या वर्गात पुन्हा यायचा नाही. बी. ए. झाली की एम. ए.ला औरंगाबादला पाठवायची, मी ठरवूनच टाकलंय.

नावाच्या जागी ती नुसता आकार लावते. ऐकताना अंगावर काटा येतो.

१३ मार्च

टँकर आलाच नाही. मुलींच्या घशाला कोरड, तालीम अर्ध्यावर सोडली.

शिवकन्याचं लक्ष नव्हतं. तिचा आजा हरिबा कारखान्याच्या गेटसमोर उपोषणाला बसलाय, सोमवारपासून. तलावाचं पाणी कारखाना पाइपानं ओढतो आणि खालच्या वस्त्यांना प्यायला थेंब नाही. पाइप बंद करा, नाहीतर इथंच मरतो म्हणतो. म्हातारा कारखान्याचा सभासद आहे — स्वतःच्याच कारखान्याच्या दारात बसलाय!

"आजा लई हट्टी हाय मॅडम. उठायचा न्हाई," शिवकन्या म्हणाली.

१४ मार्च

म्हातारा सोमवारी बसला. गाणंही मला सोमवारीच सांगितलं.

छे! उगीच काहीतरी डोक्यात येतं.

१६ मार्च

साहेबांचे वडील बरे होऊन घरी आले. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मी पेढा हातात घेऊनच प्राचार्यांकडे गेले. सर, आता गाण्याचं काय?

"चालू ठेवा."

मी हलले नाही. मग उठून दार लोटलं त्यांनी. "बाई, गेटवरच्या म्हाताऱ्याचं काही झालं तर विरोधी पार्टी मढं घेऊन मोर्चा काढील. त्याच्या आधी आपली सभा झाली पाहिजे. साहेब स्वतः बोलणार आहेत. आणि त्याची नातच गायली, तर कोण तोंड उघडणार?"

पाइप बंद करायचं कुणाच्या तोंडी नाही! शोकसभेचा मांडव मात्र ठरलाय.

घरी यांना सांगितलं. हे कारखान्यात केमिस्ट. ताटावरून मान वर न करता म्हणाले, "तू चाल लाव. बाकीचं तुला काय करायचंय?" संताप आला. यांचा आला, त्याहून माझाच जास्त. चाल लावून झाली होती.

१७ मार्च

"हे गानं कुनासाठी हाय मॅडम? कावून सांगत न्हाई कुनी?"

मी म्हटलं, सूर उतरतोय, तिकडे लक्ष दे.

१९ मार्च

न राहवून गेटवर गेले. हरिबा आडवा पडलेला, डोळे खोल गेलेले. मला बघून उठायला लागला. "बाई, नात चांगली गाती म्हनं माजी. रडगानी नका शिकवू तिला. ती आमाला येतेतच." आणि हसला. मला हसताही येईना.

शिवकन्या पायाशी बसली होती. तिला बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं सगळं. रडेल वाटलं होतं. रडली नाही.

"मंजे माज्याकडून गाऊन घेनार व्हते?" एवढंच विचारलं.

२० मार्च

पोलिसांनी हरिबाला उचलून बीडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सलाईन लावलंय. वाचेल म्हणतात. सुटले बाई एकदाची! गाण्याचा कागद फाडून टाकला. दुपारी मुलींना यमन शिकवला, किती दिवसांनी!

२१ मार्च

शिवकन्या आजाच्या जागी जाऊन बसली. पाणीसुद्धा घेत नाही.

२२ मार्च

दोनदा जाऊन आले. हात जोडले तिच्यापुढं. परीक्षा आहे, गळा जाईल, माझे आई ऊठ! आवाज आत्ताच घोगरा झालाय, ओळखू येत नाही. "मॅडम, पाइप चालूच हाय," म्हणाली आणि डोळे मिटले. मला खूप भीती वाटते आहे.

२३ मार्च

प्राचार्यांनी बोलावलं. गाणं तेच राहू द्या, आवाज दुसऱ्या कुणाचा घ्या म्हणाले. शिवकन्याचं नाव चालीत बसतंय का, तेवढं बघून ठेवा.

घरी येताना रस्त्यानं म्हणून बघितलं. बसतंय.