सुभेदाराचा परवाना

३ फेब्रुवारी

आज कुत्रा पाळला. फोनवर.

लेकीचं तेच पालुपद — तळमजला, एकटी बाई, मागच्या गल्लीत चोरी झाली, शिलाई मशीन विकून टाक आणि आमच्याकडे ये. तिच्याकडे म्हणजे अकराव्या मजल्यावर, नातवाच्या अभ्यासाच्या खोलीत, त्याची परीक्षा नसेल तेव्हा! ऐकता ऐकता माझ्या तोंडून निघून गेलं — एकटी कुठे? कुत्रा आणलाय मी. तिनं लगेच नाव विचारलं. समोर गिऱ्हाइकाचा खाकी कोट पडला होता, बाह्या आखूड करायला आलेला. म्हटलं, सुभेदार.

खोटं बोलले, वाईट वाटायला हवं होतं. जेवण होईपर्यंत वाट पाहिली. नाही वाटलं.

४ फेब्रुवारी

लेकीला सुभेदाराचा आवाज ऐकायचा होता. फोन टेबलावर ठेवला, मोरीत गेले, दार लोटलं आणि भुंकले. पहिलं भुंकणं ठसक्यासारखं झालं, दुसरं मात्र खणखणीत. जावई मागून म्हणाले म्हणे, चांगला दांडगा दिसतोय. हे जावई माझ्याबद्दल पहिल्यांदाच काही चांगलं बोलले.

८ फेब्रुवारी

दाराला पाटी लावली — कुत्र्यापासून सावध राहा. आता गिऱ्हाइकं बेल वाजवून चार पावलं मागे उभी राहतात आणि पँटची कंबर किती सैल करायची ते तिथूनच ओरडून सांगतात. सगळ्या गल्लीला कुणाचं पोट किती सुटलंय ते कळतं.

रोज दिवे लागायच्या वेळेला खिडकीशी उभी राहून भुंकते. चोरांच्याही कानावर गेलेलं बरं. या वयात बायका गुडघ्यांचे व्यायाम करतात, मी घशाचा करते. भूक छान लागते.

१३ फेब्रुवारी

घात झाला.

महापालिकेच्या श्वान परवाना विभागातून एक बाई आल्या. तक्रार आहे म्हणे — कुत्रा भुंकतो, पण फिरायला नेलेला कधी कुणी पाहिला नाही. मुक्या जिवाला कोंडून ठेवलंय! तक्रार कुणाची ते सांगेनात. सांगायला कशाला हवं? आमच्या वरच्या मजल्यावर सूचनाफलक राहतात. बायको गेल्यापासून त्यांनी जिन्यात कागद चिकटवायचं व्रत घेतलंय. चपला ओळीत ठेवा. जिन्यात मोठ्यानं बोलू नका. ओल्या छत्र्या झटकू नका. भुंकू नका, एवढंच राहिलं होतं.

परवानाबाईंनी नियम वाचून दाखवले. परवाना दर वर्षी. रेबीजची लस. गळ्यात बिल्ला, बाहेर पट्टा. रोज फिरवायचं. रस्त्यावर घाण केली तर मालकानं स्वतः उचलायची. मी सगळ्याला हो म्हणत गेले. कुत्राच नाही तर हो म्हणायला काय जातं! मग विचारलं, कुत्रा कुठाय? म्हटलं, बहिणीकडे पाठवलाय, हवापालटाला. त्यावर म्हणाल्या, महिनाअखेरीला शाळेच्या मैदानात लसीकरण शिबिर आहे, तिथे घेऊन या. आणि मालक आजारी पडला तर कुत्र्याला कोण बघणार, त्या माणसाचा नंबर द्या. तसा नियमच आहे. कुत्रा आणला नाही, तर त्या नंबरवर फोन जाणार.

मला पाठ आहे तो एकच नंबर. लेकीचा. दिला. मग कपाळावर हात मारून घेतला.

१५ फेब्रुवारी

तक्रार फिरवत नाही अशी आहे ना? मग फिरवू!

पिशवीच्या बंदाचा पट्टा शिवला. दुहेरी टीप, टोकाला पितळी कडी. तो हातात गुंडाळून सकाळी निघाले. कुणी विचारलं, की सांगायचं — आत्ताच सुटला, त्या कोपऱ्यावरून वळला बघा. पण नुसत्या पट्ट्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून फाटकापाशी कुणाच्या तरी कुत्र्यानं करून ठेवलेलं होतं ते चार लोकांदेखत कागदानं उचललं, पिशवीत टाकलं आणि 'सुभेदार, वाट्टेल तिथे बसतोस हं!' असं मोठ्यानं म्हटलं. सूचनाफलक गॅलरीत उभे होते. बघू देत.

२० फेब्रुवारी

गल्ली पालटली. औषधाच्या दुकानदाराचा पांढरा झुबकेदार कुत्रा गेली कित्येक वर्षं आमच्याच फाटकाशी बसतो. आज त्यांना गाठून गोड आवाजात विचारलं, पिशवी देऊ का? बिचारे इस्त्रीच्या कपड्यांत वाकले. दुपारी परवानाबाई फेरीवर होत्या. दुकानासमोर सगळ्यांना म्हणाल्या, या काकूंकडून शिका, जबाबदार मालक असा असतो. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं विनय. मला हसू आवरत नव्हतं.

जिन्यात सूचनाफलक आडवे आले. आता काय चिकटवताहेत! पण नाही. म्हणाले, तुमचा कुत्रा वेळेचा पक्का आहे, एक दिवस चुकत नाही. म्हटलं, आमच्या घराण्यातच ते आहे. मान डोलावून वर गेले. ह्या माणसाचं काही कळत नाही.

२६ फेब्रुवारी

शिबिर परवावर आलं. कुत्रा पाहिजे. एका सकाळपुरता.

लाँड्रीवाल्याकडे एक तपकिरी कुत्रं दिवसभर फळीखाली झोपलेलं असतं. मागितलं. त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. बदल्यात चार शर्टांची बटणं लावून द्यायची. सौदा स्वस्तात झाला.

२८ फेब्रुवारी

सुभेदार बाई निघाला.

नुसती बाई नाही, पोटुशी! डॉक्टरांनी पोट चाचपून पिल्लं आहेत म्हणून सांगितलं, रांगेतले सगळे फिदीफिदी हसले. मी म्हटलं, आमच्याकडे नावावरून भेदभाव नाही. तेवढ्यात परवानाबाई आल्या, कुत्रीच्या डोक्यावरून हात फिरवला. "काकू, ही लाँड्रीतली चंपी. हिचा परवाना मीच दिलाय. तुमचा कुत्रा कुठाय?"

सांगून टाकलं. सगळं. मोरीसकट. त्या इतक्या हसल्या की खुर्ची धरावी लागली. मला वाटलं सुटले. पण डोळे पुसून म्हणाल्या, नसलेल्या कुत्र्याची तक्रार मिटवायची, तर दिलेल्या नंबरवर खात्री करावी लागेल. मी खोटं लिहू शकत नाही, काकू.

मी म्हटलं, मला येतं, मी लिहू का? नाही म्हणाल्या.

संध्याकाळी लेकीचा फोन. ओरडली असती तर मीही ओरडले असते. ती हळूच म्हणाली, "आई, तो आवाज तुझा होता?" मग बराच वेळ नुसतं नाक ओढणं. चोराचं तिला एवढं नाहीच. मी पडले, झडले तर कुणाला पत्ता लागणार नाही, ही तिची धास्ती. कुत्रा आहे म्हटल्यावर ती महिनाभर शांत झोपत होती म्हणे. रविवारी येतेय. सामान बांधून ठेव म्हणाली.

आज भुंकले नाही.

१ मार्च

पाटी काढली. गिऱ्हाइकांचे अर्धे राहिलेले कपडे परत केले. खाकी कोट न्यायला कोणी आलंच नाही.

मला नाही जायचं. इथे मी शिवते, भांडते, माझ्या दाराला माझी किल्ली लावते. तिथे सगळे प्रेमानं वागतील आणि मी सोफ्याच्या कडेला बसून टीव्हीचा आवाज कमी करू का म्हणून विचारत राहीन. भीती वाटते मला त्याची. चोरांची कधीच वाटली नाही.

आजही भुंकले नाही. कुणासाठी भुंकायचं?

२ मार्च

लेक आली. दिवे लागायच्या वेळेला माझे कपडे बॅगेत भरत होती, आणि भुंकणं ऐकू आलं. वरून. घोगरं, मध्येच दम लागलेलं. लेकीनं माझ्याकडे पाहिलं. मी हातानंच खूण केली — मी नाही! ती तरातरा वर गेली. बऱ्याच वेळानं खाली आली, बॅगेशी बसली, पण हात चालेना. सूचनाफलक म्हणाले म्हणे, खाली कोण भुंकतं ते केव्हाच कळलं होतं, पण दोन दिवस खालून आवाज नाही. आज आपण भुंकून बघायचं, उत्तर आलं नाही तर खाली जाऊन दार फोडायचं, असं ठरवलं होतं. आई बरी आहे म्हणून हिनं सांगितलं, तर तिचा आवाज ऐकल्याशिवाय पटायचं नाही म्हणाले.

तेवढ्यात वरून पुन्हा. या वेळी जरा घाबरल्यासारखं.

लेकीनं उठून खिडकी उघडली. म्हणाली, "आई, उत्तर दे ना त्यांना."