पायरीवर बसलेले बाबा

मंगळवार, संध्याकाळ

पुन्हा चित्र मोठं केलं, तर बाबांच्या चेहऱ्याचे नुसते ठिपके झाले. आई गेल्यावर दादाने पार्सेला गावच्या घरी अंगणात कॅमेरा लावला, म्हणून मी इथे पणजीत मोबाइलवर बघते. कॅमेरा स्वतः हलत नाही. जे हलतं ते आपोआप मोठं करून दाखवतो. बाबा काजूची पाटी घेऊन आले तोवर चित्र त्यांच्यामागे होतं. ते पायरीवर बसले, बसूनच राहिले, आणि चित्र त्यांना सोडून कुत्र्यामागे गेलं. झोपले? की...? फोनही उचलेनात.

शेजारच्या शेवंताकाकींना फोन केला. "काकी, बाबा हलत नाहीत. बघता जरा?"

त्या बघून आल्या. "बरे आसत. हलतले कित्याक गो? तुझी आवय बागेतसून येवची ही वेळ. रोज असेच बसतत. तुका दिसाक नाय?"

नाही दिसलं. रोज आईच्या येण्याच्या याच वेळी चित्र कुत्र्याकडे जातं, आणि मीही.

बुधवार. सकाळी पहिल्या बसने पार्सेला गेले. बाबा दारात आले. म्हणाले, "कित्याक इलंस गो? कॅमेऱ्यात दिसतंय मां मी तुका?"