अफरातफर, मुळात

मंगळवार, ५ मार्च
माझ्याच टेबलावर आणून टाकली! चौकशीची नोटीस — प्रूफ तपासायला. "कामगार मदत फंडातील अफरातफर." खाली खजिनदार म्हणून दादाचं नाव. माझ्या सख्ख्या भावाचं! अख्ख्या छापखान्यात प्रुफं तपासणारी मी एकटीच, हे साहेबांना माहीत नाही? वर हसून म्हणतात, "तुमच्या नजरेखालून गेलं की चूक राहत नाही." जळलं मेलं ते हसू!

बुधवार, ६
दादा जेवला नाही. "अगं, कुणाला जास्त दिले गेले, कुणाला कमी. गोंधळ झाला. फंडात आता दमडी नाही. चोर आहे का मी?"
वहिनी भांडी घासत होती. अवाक्षर नाही! नवऱ्याची बाजू घ्यायला हिची काय दातखीळ बसते?

गुरुवार, ७
कोश काढला. शब्द मुळात अरबी. इफ्रात म्हणजे अति, तफ्रीत म्हणजे कमी पडणं. जोडीनं फारसीत गेले, तिथून आपल्याकडे आले, आणि वाटेत कुठेतरी पैसे खाण्यावर येऊन बसले. म्हणजे मुळात काय — कमीजास्त! दादा तेच तर सांगतोय! आणि हे निघाले त्याला गुन्हेगार ठरवायला!
लाल पेन घेतलं, शब्द खोडला. "तफावत" लिहिलं. कुणाला विचारलं नाही. गेले उडत!

शुक्रवार, ८
नोटीस लागली. मशीनवाले काका टेबलाशी आले. काकूंचं ऑपरेशन फंडाच्या पैशांवर अडलंय. नोकरीला लागल्यापासून दर पगाराला भरतायत बिचारे. "ताई, तफावत म्हणजे पैसे मिळणार की नाही?"
मी सगळं समजावलं — अरबी, फारसी, कमीजास्त. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. पण डॉक्टरांना काय सांगू?"
मी खेकसलेच त्यांच्यावर. डॉक्टरांचं मला काय विचारता?

शनिवार, ९
साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. "असल्या गुळमुळीत नोटिशीवर चौकशी कशी करायची? आता नवी काढा!" चौकशी लांबली. पैसे कुठे गेले ते कळणंही लांबलं.
दादा खूश. "शाब्बास! वाचवलंस मला."
वाचवलं? ज्यानं काही केलंच नाही, त्याला वाचवायचं कशापासून? डोकं भणभणतंय. त्याला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. का नाही विचारलं?

गुरुवार, १४
काकू गेल्या. ऑपरेशन झालंच नाही.
आम्ही तिघं काकांकडे निघालो. दादा म्हणाला, "फुलं मी घेतो." खिशातून नोटांचं पुडकं काढलं. त्यावर कागदी पट्टी होती, पट्टीवर मदत फंडाचा शिक्का.
मी बघतच राहिले. वहिनी चपला घालत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्ता दिसलं का, वन्सं?"